इंग्लंडचं मध्ययुग पॉडकास्टमधून ऐकायचं तर

मी पहिल्यांदा इंग्लंडच्या इतिहासाचा पॉडकास्ट लावला तेव्हा अर्ध्या तासात चार एथेल भेटले. एथेलवुल्फ, एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड. पहिला बाप, पुढचे तिघे त्याचे मुलगे, आणि तिघेही एकामागून एक वेसेक्सच्या गादीवर बसलेले. भांडी घासता घासता कोण गेला आणि कोण राजा झाला याचा पत्ताच लागेना. मी तो भाग अर्ध्यात बंद केला आणि पुढे वर्षभर त्या वाटेला गेले नाही.

परत गेले ती वही, नकाशा आणि एक वंशावळ घेऊन, आणि सुरुवातही दुसऱ्याच ठिकाणाहून केली. मग मात्र हा नाद लागला तो लागलाच. पहिल्या वेळी कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर ते वर्ष वाया गेलं नसतं. त्याच गोष्टी इथे लिहिते आहे.

आपल्या शाळेच्या पुस्तकात इंग्रज येतात ते १६०० सालची कंपनीची सनद हातात घेऊन. ही माणसं त्याआधी कोण होती, त्यांच्यावर कुणी राज्य केलं, त्यांची भाषा कशी घडली, त्यांच्या शेतकऱ्यांनी कुणाविरुद्ध बंड केलं, यातलं काही आपल्याला शिकवलं जात नाही. साधारण ४१० साली रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली तेव्हापासून १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड पडेपर्यंतची ही हजारेक वर्षं आहेत. त्यावर उत्तम पॉडकास्ट आहेत आणि बहुतेक फुकट ऐकता येतात.

पहिली पायरी: १०६६ च्या दारानं आत या

पहिल्या भागापासून क्रमानं ऐकायला लागू नका. सुरुवातीची पाच-सहा शतकं धूसर आहेत. साधनं थोडी, राज्यं सात (नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, ईस्ट अँग्लिया, एसेक्स, केंट, ससेक्स आणि वेसेक्स), आणि नावं एकसारखी. नवा माणूस तिथेच दमतो.

१०६६ घ्या. एकच वर्ष, मोजकी माणसं, आणि घटना एकीला एक लागून. एडवर्ड द कन्फेसर हा राजा ५ जानेवारीला निपुत्रिक वारला. दुसऱ्याच दिवशी त्याचा मेहुणा हॅरल्ड गॉडविन्सन याचा राज्याभिषेक झाला. एप्रिलमध्ये आकाशात शेंडेनक्षत्र दिसलं, आज आपण ज्याला हॅलीचा धूमकेतू म्हणतो तेच. समुद्रापलीकडे नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम म्हणत होता की गादीचं वचन मला दिलेलं आहे. तिसरा दावेदार नॉर्वेचा राजा हॅरल्ड हार्डराडा. तो उत्तरेला उतरला आणि २० सप्टेंबरला यॉर्कजवळ फुलफर्डला जिंकला. इंग्लंडचा हॅरल्ड सैन्य घेऊन दक्षिणेतून दौडत गेला आणि २५ तारखेला स्टॅमफर्ड ब्रिजला त्यानं हार्डराडाला मारलं. तीनच दिवसांनी विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हन्सीला उतरला. हॅरल्ड पुन्हा उलटा दक्षिणेला आला. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जची लढाई झाली, त्यात तो पडला, आणि नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत विल्यमच्या डोक्यावर मुकुट चढला.

हे वर्ष नीट कानाखालून गेलं की पुढे-मागे कुठेही जाता येतं. विल्यमनं पुढे काय केलं हे पाहायला गेलात तर १०८६ ची डूम्सडे नोंद भेटते, तेरा हजारांहून जास्त गावा-वस्त्यांची, जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती अशी. इंग्रज राजघराण्याची ही अवस्था का झाली असं विचारत मागे गेलात तर इंग्लंडवर राज्य केलेला डेन राजा कनूट भेटतो, डेन्मार्ककडून आलेले डेन लोक भेटतात, आणि त्यांच्याशी लढलेला वेसेक्सचा राजा आल्फ्रेड. तेव्हा पहिले दोन आठवडे फक्त १०६६ ऐका, दोन वेगवेगळ्या पॉडकास्टमधून. तीच लढाई दोन तोंडून ऐकली की कथाकार कुठे ठाम आहे आणि कुठे अंदाज करतो आहे, हे आपोआप कळायला लागतं.

दुसरी पायरी: एक पॉडकास्ट रोजचा, बाकीचे सणावारी

नवे लोक एकदम दहा पॉडकास्टना सबस्क्राइब करतात आणि आठवड्याभरात यादी बघूनच घाबरतात. एकच मुख्य धरा, क्रमानं गोष्ट सांगणारा.

माझी पहिली शिफारस डेव्हिड क्राउदर यांच्या ‘द हिस्ट्री ऑफ इंग्लंड’ची. एकटा माणूस आपल्या शेडमध्ये बसून गेली कित्येक वर्षं ही गोष्ट सांगतो आहे. रोमनांनंतर ब्रिटनमध्ये आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांपासून सुरू करून तो ट्यूडर घराणं ओलांडून १७ व्या शतकापर्यंत पोचला आहे. आवाज शांत, सांगण्याची लय घरगुती. राजांच्या भागांमध्ये मध्येच तो थांबतो आणि खेड्यातलं जगणं, शेती, स्वयंपाक, चर्च, कायदा असं काही सांगतो. माझे सगळ्यात आवडते भाग तेच. १०६६ शोधण्यासाठी भागांच्या शीर्षकांत हेस्टिंग्ज किंवा विल्यम बघा आणि तिथून दोन-तीन भाग मागे जाऊन सुरू करा.

जेमी जेफर्स यांचा ‘द ब्रिटिश हिस्टरी पॉडकास्ट’ही सलग गोष्ट सांगतो. पण तो हिमयुगापासून निघतो आणि इतक्या बारकाईनं चालतो की १०६६ गाठायला शेकडो भाग लागतात. अँग्लो-सॅक्सन काळाची गोडी लागलेल्या माणसाला तो फार आवडतो. पहिला पॉडकास्ट म्हणून मी तो सुचवणार नाही.

चर्चेचा प्रकार वेगळा. बीबीसीचा ‘इन अवर टाइम’ १९९८ पासून चालू आहे. मेल्विन ब्रॅग यांनी तो २०२५ पर्यंत चालवला. दर भागात एक विषय, विद्यापीठांतले तीन अभ्यासक आणि पाऊण तासाच्या आसपास बोलणं. ब्रॅग यांची खासियत अशी की पाहुणा पाल्हाळ लावायला लागला की ते सरळ तोडत आणि “हे आपल्याला कशावरून कळतं?” या अर्थाचा प्रश्न टाकत. डूम्सडे, ब्लॅक डेथ, १३८१ चं शेतकऱ्यांचं बंड, थॉमस बेकेट, एलेनॉर ऑफ ॲक्विटेन, डेनलॉ (इंग्लंडमधला डेन लोकांच्या अमलाखालचा प्रदेश), या सगळ्यांवर त्यांचे भाग आहेत. मुख्य पॉडकास्टमध्ये एखादा विषय ऐकला की त्यावरचा ‘इन अवर टाइम’ शोधायचा, ही जोडी फार चांगली जमते. उलट क्रमानं केलंत तर जड जाईल, कारण ते तिघे अभ्यासक राजांची ओळख करून देत बसत नाहीत.

‘गॉन मिडिव्हल’ हा २०२१ पासूनचा पॉडकास्ट फक्त मध्ययुगाला वाहिलेला आहे आणि इंग्लंडबाहेरही हिंडतो. मॅट लुईस आणि एलेनॉर जानेगा बोलवतात ते पाहुणे बहुधा त्या विषयावर प्रत्यक्ष काम करणारे असतात: उत्खनन करणारे, हस्तलिखितं वाचणारे. ‘द रेस्ट इज हिस्ट्री’मध्ये टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक गप्पांच्या ओघात गोष्ट रंगवतात. ‘रेक्स फॅक्टर’मध्ये दोन मित्र आल्फ्रेडपासून एकेका राजाला गुण देत जातात: लढाया, भानगडी, राज्यकारभार, राज्याची वर्षं, वारसदार. राजांचा क्रम डोक्यात बसवायला हा शेवटचा प्रकार फार उपयोगी पडतो. हे तिघेही सणासुदीच्या गोडाधोडासारखे ठेवा.

ॲपची तयारी, थोडक्यात

स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट, पॉकेट कास्ट्स, अँड्रॉइडवर फुकट असलेलं अँटेनापॉड, यातलं कुठलंही चालेल. नाव रोमन लिपीत टाइप करा. देवनागरीत शोधलंत तर यातलं बहुतेक सापडणार नाही.

ॲप सगळ्यात नवा भाग सर्वांत वर दाखवतं. सलग गोष्टीच्या पॉडकास्टला ते उलटं पडतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ‘सर्वांत जुना आधी’ असा क्रम लावून घ्या. ब्रिटिश उच्चार कानाला सवयीचे नसतील तर वेग ०.८ वर ठेवा आणि महिनाभरानं तो १ वर आणा. घरच्या वायफायवर चार-पाच भाग उतरवून घ्या म्हणजे लोकलमध्ये किंवा घाटात आवाज तुटत नाही. ॲपल पॉडकास्टवर इंग्रजी भागांची लिखित संहिताही दिसते, एखादं नाव निसटलं तर तिथे सापडतं. जाहिरात आली की पुढे ढकलण्याआधी एकदा बघा, कारण कधी कधी विषयाचा महत्त्वाचा धागा नेमका तिच्या मागोमाग येतो.

तिसरी पायरी: नावं फोडायला शिका

ज्या एथेल मंडळींनी मला पळवून लावलं, ती एका छोट्या यादीनं माणसाळली. अँग्लो-सॅक्सन नावं आपल्या सामासिक नावांसारखी दोन तुकड्यांची असतात आणि प्रत्येक तुकड्याला अर्थ असतो. ‘एथेल’ म्हणजे कुलीन. ‘एड’ म्हणजे संपत्ती, भाग्य. ‘रेड’ म्हणजे सल्ला, मसलत. ‘वुल्फ’ लांडगा, ‘स्टन’ दगड, ‘विन’ मित्र, ‘वर्ड’ राखणदार. ‘आल्फ’ ही एक अद्भुत योनी, आपल्या यक्षांच्या जवळ जाणारी. आता एडवर्ड म्हणजे संपत्तीचा राखणदार, एडविन म्हणजे भाग्याचा मित्र, आल्फ्रेड म्हणजे यक्षांची मसलत लाभलेला. आणि एथेलरेड म्हणजे उत्तम सल्ला. एका एथेलरेडला लोकांनी ‘अनरेड’ असं जोडनाव दिलं: ज्याला धड सल्ला नाही असा. इंग्रजीत पुढे त्याचं ‘अनरेडी’ झालं आणि तो तयारीत नसलेला राजा म्हणून ओळखला जाऊ लागला. मूळ कोटी मसलतीवरची होती.

गावांची नावंही अशीच उलगडतात. शेवटी ‘टन’ असेल तर वाडी किंवा वस्ती, ‘हॅम’ असेल तर घरठाण, ‘बरी’ असेल तर तटबंदीचं ठिकाण, आपल्याकडची गढी म्हणा. ‘चेस्टर’, ‘कॅस्टर’ किंवा ‘सेस्टर’ दिसलं की तिथे बहुधा रोमनांचं ठाणं होतं. आणि ‘बी’ दिसलं, म्हणजे डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी, तर तिथे डेन लोक वसले होते. नकाशावर ही ‘बी’ गावं पेन्सिलीनं नुसती टिपत गेलात तरी डेनलॉचा प्रदेश कागदावर उमटायला लागतो. हे मी एका रविवारी करून पाहिलं, आणि तोवर फक्त ऐकलेली सरहद्द डोळ्यांसमोर आली.

उच्चार आणि स्पेलिंग यांचं इंग्लंडमध्ये फारसं पटत नाही. कानाला लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, वॉरिक, सॉल्झबरी ऐकू येतं आणि स्पेलिंगप्रमाणे शोधायला गेलं तर अक्षरं भलतीच निघतात. इथे देवनागरी कामाला येते. जे ऐकू आलं ते जसंच्या तसं देवनागरीत लिहा, मग भागाच्या वर्णनात किंवा संहितेत ते नाव शोधून शेजारी रोमन स्पेलिंग लिहा. महिनाभरात तुमचा स्वतःचा उच्चारकोश तयार होतो.

राजांच्या आकड्यांबद्दल एवढंच लक्षात ठेवा, की एडवर्डांचे क्रमांक १०६६ नंतर सुरू होतात. त्याआधी एडवर्ड नावाचे तीन राजे होऊन गेले, तरी १२७२ मध्ये गादीवर आलेला एडवर्ड ‘पहिला’. आणि १२ व्या शतकातल्या यादवीचे भाग लावण्याआधी वंशावळ समोर उघडून ठेवाच. तिथे माटिल्डा एक नाही: विजेत्या विल्यमची राणी माटिल्डा, पहिल्या हेन्रीची राणी माटिल्डा, त्यांची मुलगी सम्राज्ञी माटिल्डा, आणि तिच्याशी गादीसाठी लढणाऱ्या स्टीफनची बायको, तीही माटिल्डाच.

वहीत आणखी काय

एका पानावर पैशाचा हिशेब लिहा. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाच्या १२ पेनी, म्हणजे पौंडाच्या २४० पेनी. मार्क ऐकलं तर १३ शिलिंग ४ पेनी, पौंडाचा दोन तृतीयांश. ज्या घरात रुपया-आणे-पै बोललं जायचं तिथे हे कठीण जाणार नाही. मात्र मध्ययुगाचा बराच काळ लोकांच्या हातात प्रत्यक्ष नाणं फक्त चांदीच्या पेनीचं होतं. पौंड आणि शिलिंग हिशेबापुरते.

दुसऱ्या पानावर मी आपल्याकडची सालं समांतर लिहिते, कारण परक्या शतकाला तेवढाच एक ओळखीचा खुंटा मिळतो. मर्सियाचा बलाढ्य राजा ऑफा ७५७ ते ७९६ राज्य करत होता, तेव्हा इकडे राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णाच्या काळात वेरूळचं कैलास लेणं घडत होतं. याच ऑफाचं एक सोन्याचं नाणं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: बगदादच्या खलिफाच्या दिनाराची नक्कल, अरबी मजकुरासकट, आणि मध्ये लॅटिनमध्ये ‘ऑफा राजा’. अंबरनाथच्या शिवमंदिराचा लेख १०६० चा, हेस्टिंग्जच्या सहा वर्षं आधीचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० ला, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, आणि त्याच वर्षी पहिल्या एडवर्डनं इंग्लंडमधल्या सगळ्या ज्यूंना हद्दपार केलं. असे चार-पाच खुंटे पुरेत. त्यांतून कार्यकारणाचा संबंध काढायला जाऊ नका, तसा तो नाही.

आणि नकाशा युरोपचा घ्या, नुसत्या इंग्लंडचा पुरणार नाही. दुसऱ्या हेन्रीची सत्ता स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरनीज पर्वतापर्यंत पसरली होती आणि राजा म्हणून त्याची निम्म्याहून जास्त वर्षं समुद्रापलीकडे गेली. खाडीपलीकडची नॉर्मंडी, आंजू, ॲक्विटेन दिसत नसतील तर पुढची शंभर वर्षांची लढाई कशासाठी चालली आहे तेच कळत नाही.

आपल्या शब्दांचा मोह

ऐकताना मन आपोआप मराठी प्रतिशब्द शोधतं. शोधू द्या, फक्त तो शब्द वहीत पेन्सिलीनं लिहा. ‘फीफ’ ऐकलं की वतन आठवतं. पण वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण असा वंशपरंपरेनं आलेला हक्क आणि त्यासोबतचं काम. फीफ ही वरच्या धन्याकडून सेवेच्या, बहुधा घोडेस्वार पुरवण्याच्या, अटीवर मिळालेली जमीन. त्याला सरंजाम जास्त जवळचा, म्हणूनच मराठीत त्या सगळ्या व्यवस्थेला सरंजामशाही म्हणण्याचा प्रघात पडला. ‘व्हिलन’ म्हणजे खलनायक समजू नका. तो मॅनरच्या, म्हणजे धन्याच्या जहागिरीच्या, जमिनीला बांधलेला शेतकरी. धन्याच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचं, मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे भरायचे. ‘शेरीफ’ म्हणजे शायरचा, अर्थात जिल्ह्याचा, ‘रीव्ह’: राजाचा वसुली आणि बंदोबस्ताचा माणूस. ‘एक्सचेकर’ हे राजाच्या हिशेबखात्याचं नाव चौकटीच्या कापडावरून आलं. टेबलावर ते पसरून त्यावर सोंगट्या ठेवून हिशेब मांडत.

चौथी पायरी: “हे याला कसं कळलं?”

मला या सगळ्या ऐकण्यातून सर्वांत मोलाचं काही मिळालं असेल तर ती ही सवय. प्रत्येक भागात एकदा तरी थांबा आणि वहीत लिहा: आत्ता जे सांगितलं ते कुणी लिहून ठेवलं, किती वर्षांनी, कुणाच्या पदरी असताना. ज्यांनी बखरी वाचल्या आहेत त्यांना हा प्रश्न नवा नाही.

हेस्टिंग्जचंच घ्या. लढाईचं सविस्तर वर्णन करणारा विल्यम ऑफ पॉइटियर्स हा विजेत्या विल्यमचा धर्मगुरू होता. नॉर्मंडीतल्या बायो गावचा, हीच कथा चितारणारा भरतकाम केलेला पट्टा सुमारे ७० मीटर लांब आहे. तो विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो यानं करवून घेतला असावा असं बहुतेकांचं मत. त्यावर एक माणूस डोळ्यातला बाण धरून उभा दिसतो. तोच हॅरल्ड की शेजारी घोडेस्वाराच्या तलवारीखाली पडलेला तो हॅरल्ड, की दोन्ही, यावर अजून वाद आहे. चांगला पॉडकास्टवाला हा वाद तुमच्यासमोर मांडतो. जो बाणाची गोष्ट सरळ घडलेली म्हणून सांगतो, त्याच्या पुढच्या गोष्टीही जरा हातचं राखून ऐका.

दुसऱ्या महिन्यात: १३४८ ते १३८१

१०६६ पचलं की बहुतेक जण पुढे जॉन राजा आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेकडे वळतात. तुम्हीही वळा, तो भाग कुठेही छान सांगितलेला मिळतो. पण मी म्हणेन की त्यानंतर थेट १४ व्या शतकात उडी मारा, कारण राजवाड्याबाहेरच्या माणसांचा आवाज तिथे सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो.

१३४८ च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर प्लेग उतरला. दीड-दोन वर्षांत इंग्लंडमधली किमान तिघांतली एक व्यक्ती गेली. निम्म्याच्या जवळपास लोक गेले असंही बरेच अभ्यासक मानतात. लंडनमध्ये ईस्ट स्मिथफील्डला तेव्हा खोदलेल्या दफनभूमीतल्या सांगाड्यांच्या दातांतून प्लेगच्या जंतूचा जनुकक्रम २०११ मध्ये वाचला गेला. हा भाग पॉडकास्टमध्ये त्या विषयातल्या माणसाच्या तोंडून ऐका, अंगावर काटा येतो.

जे मजूर वाचले त्यांची किंमत वाढली. राबणारे हात कमी, जमीन तेवढीच. सरकारनं १३४९ ला वटहुकूम आणि १३५१ ला कायदा काढून मजुरी प्लेगच्या आधीच्या दरावर बांधून टाकली. त्यात फ्रान्सशी लढाई चालूच, तिच्या खर्चासाठी चार वर्षांत तीनदा डोईपट्टी. तिसऱ्यांदा ती पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकामागे एक शिलिंग, म्हणजे १२ पेनी, म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. (पैशाचं पान इथे उघडा.) मे १३८१ अखेर एसेक्समध्ये ठिणगी पडली, मग केंट पेटलं. १३ जूनला बंडखोर लंडनमध्ये शिरले, राजाच्या काकाचा सॅव्हॉय महाल जाळला, दुसऱ्या दिवशी लंडनच्या टॉवर या किल्ल्यातून कँटरबरीच्या आर्चबिशपला ओढून काढून मारलं. १५ जूनला स्मिथफील्डच्या मैदानात चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड समोर असताना त्यांचा म्होरक्या वॉट टायलर मारला गेला आणि बंड मोडलं.

गावोगावी या लोकांनी मॅनरची दप्तरं जाळली, कारण कोण कुणाचा बांधलेला हे त्या गुंडाळ्यांवरच लिहिलं होतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सुपं आठवलं. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खतं हिसकावून जाळली, आणि पुणे-नगर भागात ते लोण पसरलं. मध्ये पाच शतकं, दोन खंड, पण कागदावर रोख असलेला राग तोच.

सेंट ऑल्बन्सची हकिगत तर ऐकाच. तिथल्या मठाधिपतीनं अर्धशतकापूर्वी गावकऱ्यांची घरातली जाती जप्त केली होती. दळण मठाच्याच गिरणीत, मठाला पैसे मोजूनच व्हायला हवं म्हणून. आणि त्या जात्यांच्या तळी आपल्या बैठकीच्या फरशीत बसवल्या होत्या. १३८१ मध्ये गावकरी मठात शिरले, फरशी उखडली, दगड फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे त्याचे तुकडे एकमेकांना वाटले. जातं म्हणजे घराची काय वस्तू असते हे माहीत असलेल्या माणसाला यावर भाष्य लागत नाही.

इथेही वहीतला प्रश्न विचारा. ही हकिगत लिहून ठेवणारा थॉमस वॉल्सिंगहॅम त्याच मठातला साधू होता, आणि बंडखोरांचा त्याला मनस्वी तिटकारा. जॉन बॉल या बंडखोर धर्मोपदेशकाची पत्रंसुद्धा आपल्यापर्यंत पोचली ती त्याच्या विरोधकांनी उतरवून ठेवली म्हणून.

भाषेची वाट

राजे आणि लढायांनी कंटाळा आला तर केविन स्ट्राउड यांचा ‘द हिस्ट्री ऑफ इंग्लिश पॉडकास्ट’ लावा. इंग्रजी भाषा कशी घडली हाच त्याचा विषय, आणि मराठी माणसाला त्यात पहिल्याच भागांपासून घरचं काहीतरी सापडतं. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात हे मांडलं, त्या सूत्रातून ही गोष्ट उलगडते. मग ‘प’चा ‘फ’ कसा झाला ते कळतं: पितृचा फादर, पादचा फूट, पंचचा फाइव्ह. जुन्या इंग्रजीत गुराढोरांना आणि धनाला एकच शब्द होता, ‘फेओ’. तो आपल्या ‘पशु’चा सख्खा नातेवाईक. हा पॉडकास्ट मात्र पहिल्या भागापासूनच ऐका, इथे मधून शिरता येत नाही.

आणि मग पहिल्या भागाकडे

दोन-तीन महिने गेले, १०६६ झालं, मॅग्ना कार्टा आणि प्लेग झाला, वही निम्मी भरली, की मुख्य पॉडकास्टच्या अगदी सुरुवातीला परत जा. आता सात राज्यं ओळखीची असतील, एथेल कुणाचे कोण ते लागेल. सटन हूच्या टेकडीखाली १९३९ मध्ये सापडलेलं जहाज आणि त्यातलं राजाचं शिरस्त्राण यांची गोष्ट ऐकाल. ७९३ ला लिंडिसफार्नच्या मठावर पडलेली धाड ऐकाल. मग त्या तीन एथेल भावांचा धाकटा भाऊ येईल, ८७१ मध्ये एथेलरेडनंतर गादीवर बसलेला आल्फ्रेड, दलदलीत लपून राहिलेला आणि ८७८ ला एडिंग्टनला डेनांना हरवून बाहेर पडलेला.

तिथे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या वर्षवार इतिहासातली ८८३ सालची एक नोंद आली तर कान टवकारा. बरेच पॉडकास्ट ती एका वाक्यात उरकतात. आल्फ्रेडनं सिगेहेल्म आणि एथेलस्टन या दोघांबरोबर रोमला दानधर्म पाठवला, आणि पुढे सेंट थॉमस आणि सेंट बार्थोलोम्यू यांच्यासाठी भारतातही. क्रॉनिकलच्या वेगवेगळ्या प्रती आहेत. काहींत ‘इंडिया’ लिहिलं आहे, काहींत ‘ज्यूडिया’, फरक एका अक्षराच्या वळणाचा. १२ व्या शतकातला माम्झबरीचा विल्यम सांगतो की सिगेहेल्म भारतात पोचला आणि रत्नं, मसाले घेऊन परत आला. तो हे लिहितो आहे घटनेनंतर सव्वादोनशेहून जास्त वर्षांनी. वहीत या नोंदीसाठी एक अख्खं पान सोडा.